जावातून डाउनलोड केलेली फाइल अर्धवट येते, उघडत नाही किंवा अडकून बसते: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका वाहतूक कार्यालयातून मला वर्षभरात सहा-सात वेळा एकाच तक्रारीचा फोन आला, आणि प्रत्येक वेळी पहिले वाक्य तेच होते: "फाइल तं आली भाऊ, पण उघडूनच नाही राहिली." तिथे दररोज सकाळी जावा या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम दूरच्या सर्व्हरवरून बिलांची झिप फाइल आणि काही पीडीएफ उतरवून घेतो. पुढे हिंगणा आणि बुटीबोरीकडच्या दोन-तीन ठिकाणीही थोड्याफार फरकाने हाच बिघाड दुरुस्त करावा लागला. सुरुवातीला मी दर वेळी इंटरनेट कंपनीला दोष देत असे. तो दोष बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जात होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

लक्षणे

खालीलपैकी नेमके काय दिसते आहे, हे आधी कागदावर लिहून घ्यावे, कारण "डाउनलोड होत नाही" या एका वाक्याखाली निदान सहा वेगळे बिघाड लपलेले असतात.

• फाइल तयार होते, प्रोग्राम कुरकुर करत नाही, पण फाइल उघडत नाही आणि तिचा आकार मूळ फाइलपेक्षा मोठा असतो.
• आकार मूळ फाइलपेक्षा लहान असतो, आणि दर वेळी वेगळा असतो.
• सगळ्या फाइली सारख्याच आकाराच्या येतात, आणि तो आकार जेमतेम चार-पाच किलोबाइट असतो.
• प्रोग्राम संपत नाही आणि चूकही दाखवत नाही, तासन्‌तास नुसता बसून राहतो.
• पहिल्या दोन फाइली झटकन येतात आणि तिसरी कधीच येत नाही.
• तीच फाइल ब्राउझरमध्ये मिळते, जावातून मागितली की ४०३ (परवानगी नाकारल्याचा आकडा) किंवा प्रमाणपत्राची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) चूक येते.

पहिली तपासणी: फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी

याला एक पैसा लागत नाही आणि मिनिटभराच्या वर वेळ जात नाही, तरीही हे काम लोक सर्वांत शेवटी करतात. न उघडणारी पीडीएफ किंवा झिप साध्या नोटपॅडमध्ये उघडावी आणि तिची पहिली काही अक्षरे वाचावीत. खरी पीडीएफ टक्केचिन्ह आणि त्यापुढे पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते, खरी झिप रोमन लिपीतल्या पीके या दोन अक्षरांनी. सुरुवातीलाच कोनी कंस आणि एचटीएमएल हा शब्द दिसला, तर आपण पीडीएफ उतरवलेलीच नाही. सर्व्हरने पाठवलेले लॉगिनचे किंवा चुकीच्या सूचनेचे पान पीडीएफ या नावाने साठवले आहे. सगळ्या फाइली सारख्याच आकाराच्या येण्याचे कारण बहुधा हेच असते, कारण ते पान प्रत्येक वेळी तेच असते.

हेक्स दाखवणारा एडिटर हाताशी असेल तर आणखी दोन खुणा ओळखता येतात. पहिले दोन बाइट १एफ आणि ८बी असतील, तर फाइल जीझिपमध्ये दाबलेल्या स्थितीतच साठवली गेली आहे. कोणीतरी ब्राउझरचे सगळे हेडर (विनंतीसोबत किंवा उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) जसेच्या तसे प्रोग्राममध्ये उतरवले आणि त्यात दाबलेली फाइल चालेल असे सांगणारा ॲक्सेप्ट-एन्कोडिंगही आला, की असे होते. ओके-एचटीटीपी ही लायब्ररी (तयार कोडचा संच) एरवी जीझिप स्वतः मागते आणि स्वतःच उलगडते, परंतु तो हेडर आपण हाताने घातला तर उलगडण्याची जबाबदारीही ती आपल्यावरच सोडते. हाताने घातलेली ती ओळ काढून टाकावी. दुसरी खूण म्हणजे ईएफ, बीएफ, बीडी हे तीन बाइट फाइलभर पुन्हा पुन्हा दिसणे. याचा अर्थ बाइट असलेली सामग्री कुठेतरी स्ट्रिंगमध्ये किंवा रीडरमध्ये, म्हणजे मजकुरासाठीच्या साधनांत, घालून परत लिहिली गेली आहे. अशी फाइल कोणत्याही उपायाने सुधारत नाही, कारण मूळ बाइट हरवलेले असतात. कोडमधून स्ट्रिंग हटवून ती नव्याने उतरवावी लागते.

दुसरी तपासणी: त्याच संगणकावरून, त्याच खात्याने, जावाशिवाय

कर्ल ही आज्ञा वापरून तोच पत्ता त्याच संगणकावरून मागवून पाहावा. "त्याच" या शब्दावर माझा जोर आहे, कारण स्वतःच्या लॅपटॉपवर मोबाइलचे इंटरनेट जोडून "माझ्याकडे तर येते" असे सांगणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्या यादीत माझेही नाव आहे. प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो वेगळ्या खात्याने चालतो; त्या खात्याला फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे का आणि डिस्कवर जागा शिल्लक आहे का, हे याच वेळी पाहून घ्यावे. लिनक्सवर तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर काही वेळा मेमरीतच ठेवलेला असतो आणि तो मोठ्या झिपने भरून जातो.

कर्लनेही फाइल अर्धवटच आली, तर जावाच्या कोडला हात लावू नये. कर्लने पूर्ण आली, तर बिघाड आपल्या कोडमध्ये किंवा जावाच्या सेटिंगमध्ये आहे, हे जवळजवळ ठरले.

तिसरी तपासणी: स्टेटस कोड कोणी विचारतो आहे का

स्टेटस कोड म्हणजे उत्तरासोबत सर्व्हरने पाठवलेला निकालाचा आकडा. जावा ८ वरून जावा ११ वर आलेल्या प्रोग्राममध्ये तो न तपासण्याचा बिघाड मला हमखास सापडतो, आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. जावाच्या जुन्या एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन या वर्गात सर्व्हरने ४०० किंवा त्यावरचा, म्हणजे चुकीचा, आकडा पाठवला की इनपुट स्ट्रीम (बाइट वाचण्याची वाट) मागताक्षणीच एक्सेप्शन (चूक) येते, त्यामुळे आळशी कोडलाही चूक कळते. २०१८ मध्ये जावा ११ बरोबर प्रमाणित झालेला नवा एचटीटीपी-क्लायंट तसे करत नाही. त्याच्या दृष्टीने ४०४ (फाइल सापडली नाही) हेही एक व्यवस्थित आलेले उत्तर आहे, आणि उत्तर थेट फाइलमध्ये लिहायला सांगितले असेल तर तो चुकीचे पानही निमूटपणे फाइलमध्ये लिहितो. अपाचेची लायब्ररी आणि ओके-एचटीटीपी यांचाही स्वभाव साधारण असाच आहे. म्हणून उत्तर आल्यावर आकडा २०० आहे की नाही हे आपणच तपासले पाहिजे, आणि नसेल तर फाइल ठेवू नये.

रीडायरेक्टची, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची, गोष्टही अशीच आहे. जुना वर्ग रीडायरेक्ट आपोआप पाळतो, मात्र एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जायचे असेल तर तिथेच थांबतो. नवा क्लायंट काहीही न सांगितल्यास रीडायरेक्ट मुळीच पाळत नाही. सर्व्हरवाल्यांनी एखाद्या दिवशी सुरक्षित पत्त्यावर स्थलांतर केले, की वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम ३०१ किंवा ३०२ हा रीडायरेक्टचा आकडा घेऊन रिकामी फाइल लिहू लागतो. उपाय स्वस्त आहे: पत्ता नव्याने लिहावा, आणि नव्या क्लायंटमध्ये रीडायरेक्टचे धोरण "नॉर्मल" ठेवावे, म्हणजे सुरक्षित पत्त्यावरून असुरक्षित पत्त्यावर नेणारे रीडायरेक्ट सोडून बाकी सगळे पाळले जातात.

४०३ आला आणि कर्लला मात्र फाइल मिळाली, तर यूजर-एजंट (प्रोग्राम सर्व्हरला सांगतो ती स्वतःची ओळख) पाहावा. जुना वर्ग स्वतःची ओळख "जावा" आणि आवृत्तीचा आकडा अशी देतो, आणि काही सर्व्हर त्या नावाला दारातच अडवतात. दुसऱ्याचा सर्व्हर असेल तर ब्राउझरचे सोंग घेण्याऐवजी त्यांच्याकडून रीतसर परवानगी घ्यावी, असे माझे मत आहे. सोंग घेतलेला प्रोग्राम पुढे कधीतरी पुन्हा अडवला जातोच.

चौथी तपासणी: वाचण्याची फेरी

वाडीच्या कार्यालयातला बिघाड शेवटी इथे सापडला. प्रोग्राम ८,१९२ बाइटचा बफर (मेमरीतली तात्पुरती साठवण) घेत होता, स्ट्रीममधून त्यात वाचत होता आणि प्रत्येक वेळी पूर्ण बफर फाइलमध्ये लिहीत होता. वाचण्याची आज्ञा किती बाइट मिळाले तो आकडा परत देते. त्या आकड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. फाइल २०,००० बाइटची आहे असे धरू. दोन पूर्ण बफर म्हणजे १६,३८४ बाइट झाले आणि उरले ३,६१६. तिसऱ्या फेरीत बफरमध्ये तेवढेच नवे बाइट आले, त्यामागे आधीच्या फेरीतले ४,५७६ बाइट तसेच पडून होते, आणि लिहिताना तेही फाइलमध्ये गेले. फाइल २४,५७६ बाइटची झाली. आकार ८,१९२ च्या पटीत आला की मी आता थेट या ओळीकडेच जातो.

हा बिघाड इतके दिवस लपून राहण्याचे कारण असे की वेगवान लाइनवर बफर प्रत्येक वेळी बहुधा पूर्ण भरतो, त्यामुळे कचरा फक्त फाइलच्या शेपटीला लागतो, आणि शेपटीला थोडा कचरा असला तरी पुष्कळ पीडीएफ वाचक ती फाइल निमूट उघडतात. लाइन संथ झाली की मात्र एका फेरीत कधी १,४०० बाइट मिळतात, कधी ३,०००, आणि प्रत्येक अपुऱ्या फेरीनंतर कचरा फाइलच्या मधोमध शिरतो. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये ज्याने हा कोड लिहिला त्याच्याकडे तो चालत होता आणि वाडीत चालत नव्हता, ते यामुळेच. दोघेही खरे बोलत होते, आणि दोष लाइनचा नव्हता. संथ लाइनने तो फक्त उघडा पाडला.

दुरुस्तीसाठी ही फेरी हाताने लिहिणेच सोडावे. जावा ९ पासून इनपुट स्ट्रीमला ट्रान्सफर-टू ही पद्धत आहे, आणि जावा ७ पासून फाइल्स वर्गात कॉपी आहे. दोन्ही हे काम बिनचूक करतात. संपूर्ण फाइल एका बाइट-ॲरेत घेणारी पद्धत मात्र मोठ्या फाइलींसाठी वापरू नये, मेमरी अपुरी पडते. जाता जाता एक गोष्ट: अव्हेलेबल या पद्धतीने मिळणारा आकडा म्हणजे फाइलचा आकार नव्हे. त्या आकड्याएवढा ॲरे घेऊन एकदाच वाचणारा कोड सापडला, तर अर्धवट फाइलीचे मूळ तिथेच आहे.

पाचवी तपासणी: टाइमआउट, आणि राउटरची वीज

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी वीज दोन-चार सेकंद जाऊन येते. कार्यालयात संगणक यूपीएसवर असतो. राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगला लावलेला असतो. वीज गेली की संगणक चालू राहतो आणि राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या क्षणी चालू असलेली जोडणी राउटरच्या स्मरणातून पुसली गेलेली असते, त्यामुळे सर्व्हरने पाठवलेले पुढचे बाइट आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि जोडणी तुटल्याची वार्ताही पोहोचत नाही. आपला प्रोग्राम फक्त वाचत असतो, स्वतः काहीच पाठवत नसतो, म्हणून त्याला काही कळायला मार्ग नसतो. तो वाट पाहत बसतो. एका ठिकाणी शुक्रवारी दुपारी अडकलेला प्रोग्राम सोमवारी सकाळी मी गेलो तेव्हाही वाटच पाहत होता. जे-स्टॅकने (जावा प्रोग्राम आत्ता काय करतो आहे ते दाखवणाऱ्या साधनाने) त्याचे थ्रेड (कामाचे धागे) पाहिले, तर मुख्य थ्रेड सॉकेट (नेटवर्कची जोडणी) वाचण्याच्या ओळीवर उभा होता.

इतकी अमर्याद वाट पाहण्याचे कारण म्हणजे जुन्या वर्गात जोडणीचा आणि वाचण्याचा टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल मुदत) मुळात शून्य असतो, आणि इथे शून्याचा अर्थ "कधीच थांबू नकोस" असा आहे. अपाचे कॉमन्स-आयओमधली पत्त्यावरून थेट फाइल उतरवणारी दोन पॅरामीटरची सोपी पद्धतही टाइमआउट लावत नाही. तिचेच दुसरे रूप दोन्ही टाइमआउट मागते, ते वापरावे. मी साधारणपणे जोडणीसाठी १० सेकंद आणि वाचण्यासाठी ६० सेकंद ठेवतो. वाचण्याचा टाइमआउट म्हणजे पूर्ण फाइलीला मिळालेला वेळ नव्हे, एकही बाइट न येता जाऊ द्यायचा वेळ आहे. हे न समजल्यामुळे काही जण तो दोन तासांचा ठेवतात आणि मग त्याचा उपयोग राहत नाही.

नव्या क्लायंटबाबत इथे सावध राहावे. जावा ११, १७ आणि २१ मध्ये विनंतीवर लावलेला टाइमआउट उत्तराचे हेडर येईपर्यंतच पहारा देतो. हेडर आल्यानंतर फाइलीचे बाइट मध्येच थांबले तर तो मदतीला येत नाही. त्यासाठी विनंती असिंक (उत्तरासाठी अडून न राहणाऱ्या) पद्धतीने पाठवून तिच्या निकालाची वाट ठरावीक वेळच पाहावी, किंवा फाइलीचा आकार वाढतो आहे का हे दर मिनिटाला पाहणारा वेगळा थ्रेड ठेवावा.

राउटर यूपीएसवर घ्यावा हे तर आहेच, त्याला खर्चही फारसा नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानून टाइमआउट लावायचे राहून गेले, तर पुढच्या वेळी दुसऱ्या कोणत्या तरी कारणाने प्रोग्राम असाच अडकेल.

सहावी तपासणी: दोन फाइलींनंतर तिसरी का येत नाही

अपाचे एचटीटीपी-क्लायंटच्या ४ या मालिकेत जोडण्यांचा साठा एका सर्व्हरसाठी मुळात दोनच जोडण्या देतो. उत्तर शेवटपर्यंत वाचले नाही आणि त्याचे ऑब्जेक्टही बंद केले नाही, तर जोडणी साठ्यात परत जात नाही. दोन फाइलींनंतर साठा रिकामा होतो आणि तिसरी विनंती रांगेत उभी राहते. ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपताच आपोआप बंद करणारी जावाची रचना) वापरून उत्तर नेहमी बंद करावे, चुकीचा स्टेटस कोड आला तरीही. साठ्याचा आकडा वाढवून ही अडचण सुटल्यासारखी वाटते, पण तेव्हा तिसऱ्याऐवजी एकविसावी फाइल अडकते.

सातवी तपासणी: फाइल पूर्ण आली, याचा पुरावा

इथपर्यंत सगळे ठीक असूनही फाइल अधूनमधून लहान येत असेल, तर तुटलेली जोडणी प्रोग्राम पूर्णविराम समजतो आहे. वेगवेगळ्या लायब्ररी या प्रसंगी वेगवेगळे वागतात, त्यामुळे मी कोणावरच विसंबत नाही. कॉन्टेन्ट-लेंग्थ हेडरमधला आकडा आणि प्रत्यक्ष लिहिलेले बाइट जुळतात का, हे मीच पाहतो. जुन्या वर्गात हा आकडा लाँग प्रकारात देणारी पद्धतच वापरावी, कारण इंट प्रकारातली पद्धत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठ्या फाइलीसाठी उणे एक सांगते. सर्व्हर हा हेडर देत नसेल आणि एसएचए-२५६ चे चेकसम (फाइलीच्या बाइटवरून काढलेली ठशासारखी खूण) देत असेल, तर ते ताडून पाहावे. खरे तर दोन्ही मिळत असतील तर चेकसमच अधिक भरवशाचे.

दुसरी शिस्त नावाची. डाउनलोड चालू असताना फाइलीच्या नावापुढे "पार्ट" जोडून लिहावे, आकार किंवा चेकसम जुळल्यावरच तिला खरे नाव द्यावे, आणि दोन्ही नावे एकाच डिस्कवर असावीत, म्हणजे नाव बदलणे एका झटक्यात होते. असे केले नाही तर अर्धवट फाइल पुढच्या प्रोग्रामच्या हाती लागते आणि बिले अर्धीच छापली जातात. हे नुकसान मी पाहिले आहे.

तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवायचे असेल तर रेंज हेडर पाठवतात. उत्तरात २०६ (फक्त मागितलेला तुकडा पाठवल्याचा आकडा) आला तरच जुन्या फाइलीपुढे जोडावे. सर्व्हरने २०० दिला, तर तो पूर्ण फाइल पहिल्या बाइटपासून पाठवतो आहे, आणि तेव्हा जुना तुकडा पुसून सुरुवात करावी लागते. नाहीतर फाइल वाढते आणि झिप फुटते. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असण्याची शक्यता असते, म्हणून ई-टॅग (फाइलीच्या आवृत्तीची खूण) जपून ठेवून तो इफ-रेंज या हेडरमध्ये पाठवावा. पुन्हा प्रयत्न तीन किंवा चार पुरेत, प्रत्येक वेळी मधले अंतर वाढवत. ४०४ ला पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ४२९ (विनंत्या फार झाल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) याबरोबर रिट्राय-आफ्टर (किती वेळाने पुन्हा यावे ते सांगणारा हेडर) आला असेल तर तेवढे थांबावे.

आठवी तपासणी: प्रॉक्सी आणि प्रमाणपत्र

ब्राउझर विंडोजच्या प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणारा मधला सर्व्हर) सेटिंगवर चालतो, जावा मात्र सांगितल्याशिवाय ते सेटिंग पाहत नाही. त्यामुळे कारखान्यांच्या कार्यालयात "ब्राउझरमध्ये चालते" हे वाक्य फारसे काही सिद्ध करत नाही. जावा सुरू करताना प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट द्यावे लागतात, आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस या दोघांसाठी ते वेगवेगळे द्यावे लागतात. दुसरे द्यायचे विसरले जाते.

पीकेआयएक्स ही अक्षरे असलेली चूक आली, तर प्रमाणपत्रांची साखळी जावाला जुळवता आलेली नाही. आधी संगणकाची तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सेल संपला की ती मागे जाते. तारीख बरोबर असेल, तर बहुधा सर्व्हरने मधले प्रमाणपत्र पाठवलेले नसते. पुष्कळ ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, जावा आपणहून आणत नाही. किंवा कार्यालयाचा फायरवॉल मध्ये बसून स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत असतो. सगळी प्रमाणपत्रे डोळे मिटून मान्य करणारा दहा ओळींचा कोड इंटरनेटवर सहज मिळतो. तो वापरू नये. त्या क्षणापासून मधला कोणीही आपल्याला कोणतीही फाइल देऊ शकतो, आणि प्रोग्राम ती घेतो.

इथे थांबावे

प्रमाणपत्राची साखळी सर्व्हरच्या बाजूने तुटलेली असेल, तर ती दुरुस्ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीच करायची असते. फायरवॉलचे मूळ प्रमाणपत्र किंवा प्रॉक्सीचा पासवर्ड त्या कार्यालयाच्या नेटवर्क प्रशासकाकडून घ्यावा. तो स्वतः शोधून काढण्याच्या फंदात पडू नये. कर्लनेही फाइल वारंवार तुटत असेल, तर लाइन तपासायला इंटरनेट पुरवठादाराचा माणूस बोलवावा.

एका गोष्टीत मात्र अजिबात उशीर करू नये. उतरवलेल्या एकाच फाइलीचे चेकसम लागोपाठ दोनदा काढावे. मध्ये कोणी फाइलीला हात लावलेला नसताना दोन उत्तरे वेगळी आली, तर बिघाड जावात नाही आणि इंटरनेटमध्येही नाही. मेमरी किंवा डिस्क खराब होत आहे. त्या संगणकावर आणखी प्रयोग न करता आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी आणि हार्डवेअरच्या जाणकाराकडे तो सोपवावा. चार वर्षांत हे मला एकदाच दिसले, आणि तेव्हा मी दोन दिवस कोडच वाचत बसलो होतो.

जाणकाराला बोलवताना त्याच्या हाती नेमक्या वेळा, मागितलेला पत्ता, स्टेटस कोड, आलेले हेडर, अपेक्षित आणि प्रत्यक्ष बाइटचे आकडे, आणि प्रोग्राम अडकला असेल तर जे-स्टॅकचा निकाल द्यावा. हे कागद व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी त्यांतल्या ऑथरायझेशन आणि कुकी या हेडरच्या ओळी खोडून टाकाव्यात.